खुलासा

मा. सरचिटणीस यांस,
आपलं पत्र मिळालं. जावक क्रमांक पुसट आहे,
बाकी स्पष्ट: सात दिवसांत खुलासा करावा,
अन्यथा आपणांस काहीही म्हणावयाचे नाही
असे गृहीत धरण्यात येईल.

आज सहावा दिवस.
तळवलीत आमच्या गल्लीतला हळदीचा डीजे
आत्ता कुठे थांबलाय.
संघाच्या यादीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहितोय,
मागून सव्वीस पोरींची नावं उमटतायत
वजनांसकट.

मुद्दा एक. व्हिसा उशिरा आले.
हे आपणांस माहीत आहे,
कारण अर्ज आपल्याच टेबलावर अकरा दिवस होते.
खोडतो.

मुद्दा दोन. सरावाचं मैदान.
शिबिराच्या आदल्या आठवड्यात
तिथं कुणा नगरसेवकाचा वाढदिवस झाला.
मांडवाच्या खांबांचे चौतीस खड्डे मोजून बुजवले,
पोरींनी घमेली वाहिली, तोच वॉर्मअप.
हे मैदान, साहेब, आमचं खाजण होतं.
डाव्या कोपऱ्यात अजून पाणी साचतं, तिथं बांध होता.
बाप म्हणायचा, सिडकोनं जमीन नेली,
उतार थोराच नेलाय.
हेही खोडतो. निकालाशी संबंध नाही.

राहिला तो प्रश्न, जो आपण अधोरेखित केलात:
'आघाडी असताना, एकोणसाठाव्या मिनिटाला
कर्णधारास बाहेर घेण्याचे प्रयोजन काय?'

सतरा-बारा. आपण पुढे.
झरना टॅकलला वाकली, समोरचीचा गुडघा कानशिलावर.
उठली. तोंडातली माती थुंकली. हसलीसुद्धा.
कडेवरून आपले मॅनेजर ओरडत होते,
बरी आहे ती, बरी आहे.
मी पाण्याची बाटली घेऊन आत गेलो.
तिनं विचारलं,
सर, टॉस आपण जिंकलो ना?

दंडाला धरून बाहेर आणलं तिला.
मनगटाला चावायचीच बाकी होती.
शेवटच्या चार मिनिटांत ट्राय, वर किक.
सतरा-एकोणीस.

रात्री लिफ्टमध्ये
मजल्यांचे आकडे बघत आपण म्हणालात,
'मढवी, हाताशी आलं होतं.'
होतं.

आता हे लिहिलं तर फायलीत जाईल:
डोक्याला मार, तिसऱ्यांदा.
पुढच्या महिन्यात तिची मेडिकल आहे, क्रीडा कोट्यातली,
लिपिकाची जागा,
घरी पाच माणसं त्या जागेवर डोळे लावून.
मैदानात मी तिला पुन्हा उतरवणार नाही.
ते सांगून झालंय. शिव्या खाऊन झाल्यात,
संथाळीत असाव्यात, अर्थ विचारला नाही.
पण टेबलामागं बसायला
कुणाला टॉस आठवावा लागत नाही.

वैजयंती दारात येऊन वाचून गेली.
म्हणाली, मानधन बंद करतील.
म्हटलं, बंद करायला आधी
मार्चपासूनचं द्यावं लागेल.
ती हसली नाही. दिवा तेवढा जवळ सरकवून गेली.

दुसरा कागद घेतो, दोन्ही बाजूंनी कोरा.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की
सदर खेळाडूस बाहेर घेण्याचा निर्णय सर्वस्वी माझा होता.
तो घेण्यात माझी चूक झाली.

'चूक'वर पेन अडलं.
रिफिल झटकली, पुन्हा गिरवलं.
बाकीच्या मजकुरापेक्षा ते आता ठळक दिसतंय.
असू दे.

साडेपाचला चौदा वर्षांखालची पोरं येतील.
हळद गल्लीत होती, पण जेवणाचा मांडव
मैदानात टाकला होता की काय,
जाऊन बघायला हवं.
घमेलं गॅलरीतच आहे.